पहिला धडा जखमेच्या वासाचा

चार नंबरच्या बेडवरचे काका बोलू शकत नव्हते. डाव्या गालाला आरपार जखम, जबडा बोटभरही उघडत नव्हता, नाकातून अन्न देण्याची नळी, राईल्स ट्यूब. उशाशी शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी आणि खडू. माझ्यासोबत बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची आठ मुलं-मुली होती. हॉस्पिसमधला, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना सांभाळणाऱ्या दवाखान्यातला, त्यांचा पहिलाच दिवस. मी ड्रेसिंग सोडलं आणि त्यांतली गडचिरोलीकडची एक मुलगी मास्कवर हात दाबून बाहेर पळाली. नळाजवळ ओकारीचा आवाज आला. काकांनीही तो ऐकला. पाच-सात मिनिटांनी ती परत आली, डोळे लाल, मान खाली. काकांनी पाटी ओढली, हळूहळू काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे फिरवली.

'वास येते. मले बी येते.'

त्या दिवशी दुपारी मी पुढच्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि नवं लिहायला बसले.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होत नसताना त्रास कमी करण्याच्या शुश्रूषेचं, २० तासांचं मॉड्यूल सक्तीचं झालं. आमच्या कॉलेजात ते शिकवायचं कोणी, हा प्रश्न आला तेव्हा माझं नाव पुढे आलं, कारण मी तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडियाच्या संस्थेत नर्सेससाठीचा सहा आठवड्यांचा कोर्स करून आले होते. तिथे होमकेअरच्या गाडीत बसून रोज घरोघरी जायचो. मल्याळम एक अक्षर कळत नव्हतं, तरी दुखणारा माणूस कुठे हात ठेवतो, घरातली बाई कोणाकडे बघून उत्तर देते, हे सगळं दिसत होतं. शिकून आले भरपूर, पण शिकवायला उभी राहिले तेव्हा मात्र नेहमीच्याच वाटेने गेले. पहिलं लेक्चर मृत्यूची संकल्पना, दुसरं एलिझाबेथ कुब्लर-रॉसने सांगितलेल्या मरणाऱ्या माणसाच्या मनाच्या पाच अवस्था. नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. मुलांनी घडाघडा पाठ केल्या. परीक्षेत सहा मार्कांना येतात त्या.

आणि मग चार नंबरच्या काकांसमोर ते सगळं शून्य झालं. ज्या मुलीला त्यांच्या दोन फुटांवर उभं राहता येत नव्हतं, ती त्यांच्या मनाची कोणती अवस्था चालू आहे हे कुठून बघणार होती? माझंच शिकवणं उलटं होतं. मी त्यांना मनापासून सुरुवात करायला लावत होते. पेशंटची सुरुवात गालापासून होते.

म्हणून नव्या वेळापत्रकात पहिले तीन दिवस फक्त तोंड आणि जखम.

नागपुरात हे जरा जास्तच खरं आहे. इथे चौकाचौकांत पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. मुलं नववी-दहावीपासून सुरू करतात. तुकडोजी पुतळ्याजवळच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत एक सकाळ काढली तरी कळतं: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वरून बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याची माणसं, आणि त्यांत तोंडाला रुमाल लावून बसलेले किती. तो रुमाल रक्तासाठी कमी, वासासाठी जास्त असतो. घरात त्या माणसाचं ताट वेगळं होतं, मग खाट पडवीत जाते, नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. कॅन्सर अंगात पसरतो त्याच्या आधी वास घरात पसरतो आणि माणूस एकटा पडतो. माझ्या मते मरणाआधीचं हे मरण नर्सला थांबवता येतं, आणि तेही स्वस्तात.

कसं, ते मी मुलांना हाताने करायला लावते. मेट्रोनिडॅझोलच्या साध्या गोळ्या, जुलाबाला देतात त्याच. खलबत्त्यात बारीक कुटायच्या, चाळून भुकटी जखमेवर पसरायची. वास जखमेत वाढणाऱ्या जंतूंचा असतो, ते मेले की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. जुनं ड्रेसिंग कधीच ओढून काढायचं नाही. सलाईनने भिजवायचं, वाट बघायची, ते आपोआप सुटू द्यायचं, नाहीतर कच्ची जागा फाटून रक्त येतं. माशी बसून अळ्या झाल्या असतील तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली गॉज जखमेजवळ धरायची, अळ्या वर येतात, एक एक चिमट्याने काढायची. हे सांगताना मी आवाज बदलत नाही. मुलांनाही सांगते, चेहरा बदलू नका. पेशंटला स्वतःची जखम दिसत नाही, तो ती तुमच्या चेहऱ्यात बघतो.

आणखी एक गोष्ट शिकवते. गळ्याजवळच्या जखमेत मोठी रक्तवाहिनी फुटण्याची भीती असते, अशा बेडखाली गडद रंगाचे, मरून किंवा निळे टॉवेल घडी करून ठेवायचे. तशी वेळ आलीच तर पांढऱ्या चादरीवरचं लाल घरच्यांच्या डोळ्यांसमोरून पुढे वर्षानुवर्षं जात नाही. गडद कपड्यावर ते तेवढं दिसत नाही. हे ऐकल्यावर वर्गात पहिल्यांदा पिनड्रॉप शांतता झाली. 'आधी काहून नाही सांगत मॅडम हे कोणी?' असं भंडाऱ्याच्या मुलाने विचारलं. त्याच्या खिशात तेव्हा खर्ऱ्याची पुडी होती, मला दिसत होती.

चौथ्या दिवशी गडचिरोलीच्या मुलीने चार नंबरचं ड्रेसिंग स्वतः केलं. पाऊण तास लागला. मी करते तेव्हा वीस मिनिटं लागतात, पण मी घाई केली नाही. सलाईन टाकून वाट बघत असताना ती काकांशी बोलायला लागली. गाव कोणतं, धान किती, पोरं काय करतात. ते पाटीवर लिहीत, ती पुसून परत देई. हात कामात होते म्हणून तोंड मोकळं झालं, माझ्या लक्षात आलं ते हे. 'पेशंटशी संवाद साधा' असं मी आधीच्या वर्षी वर्गात सांगायचे, तेव्हा मुलं बेडच्या पायथ्याशी उभी राहून 'कसं वाटतं काका?' एवढं विचारून वही उघडत. आता गॉज हातात असलेली मुलगी पाऊण तास बोलत होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

दुसरा आठवडा मॉर्फीनचा, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचा. इथे अडचण हाताची नव्हती, डोक्याची होती. फार्मकॉलॉजीत मुलं शिकून आलेली असतात की मॉर्फीनने श्वास मंदावतो आणि व्यसन लागतं. दोन्ही चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. दुखणाऱ्या माणसाला तोंडाने, थोड्या डोसपासून, बघत बघत वाढवत दिलं तर श्वास थांबण्याची भीती फार कमी असते. मी त्यांना दुखण्याचा तक्ता बनवायला लावते: शून्य ते दहा, दर चार तासांनी पेशंटला विचारून. मॉर्फीनच्या वेळा सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट डोस, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठवावं लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस मळमळ, झोप. बद्धकोष्ठता मात्र कधीच जात नाही, म्हणून मॉर्फीन सुरू झालं त्याच दिवशी पोट साफ होण्याची गोळीही सुरू. एका मुलाने चार्टवर मॉर्फीन लिहिलं आणि दुसरी गोळी विसरला. चौथ्या दिवशी त्या आजींचं पोट फुगलं, रात्रभर तळमळल्या. एनिमा देताना मी त्या मुलाला शेजारी उभं केलं. रागावले नाही. आजीच त्याला म्हणाल्या, 'लेका, ध्यानात ठेव जो आता.'

कपाटाच्या दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. रजिस्टरवर प्रत्येक गोळीचा हिशोब, दोन सह्या. मुलांना वाटायचं हे सगळं संशयापोटी. मग मी त्यांना कायद्याची गोष्ट सांगितली. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फीन ठेवायला इतके परवाने लागू लागले की बहुतेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं. औषध होतं, दुखणं होतं, मध्ये कागद होते. अफू आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने पिकते, आणि इथे नागपुरात माणसं ओरडत मरत होती. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता मिळालेल्या संस्थेला ते ठेवणं सोपं झालं. आपल्या कपाटातली प्रत्येक गोळी अशी आली आहे. ती हरवली तर हे दार पुन्हा बंद करायला लोक टपलेलेच आहेत. हे सांगितल्यावर मुलांनी गोळ्या मोजणं बदललं. आता एक मोठ्याने मोजतो, दुसरा बोट ठेवतो.

सिसिली सॉन्डर्सबद्दलही याच आठवड्यात सांगते, पहिल्या दिवशी नाही. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणारी ही बाई आधी नर्स होती, पाठ दुखायला लागली म्हणून नर्सिंग सुटलं, मग समाजसेविका झाली, मग दुखण्यावर काम करायचं म्हणून डॉक्टर झाली. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घराचं, श्रद्धेचंही असतं, हे तिने मांडलं. ती मुळात नर्स होती हे कळल्यावर पोरी जरा ताठ बसतात. मला तेवढं पुरतं.

तिसऱ्या आठवड्यात घरी जायचं. गोळीबार चौकामागच्या कोष्ट्यांच्या वस्तीत एक आजोबा होते. एम्प्रेस मिलमध्ये काम केलेले, मिल बंद पडल्यावर घरीच माग चालवला. आता पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. मुलाने आम्हाला दारातच अडवलं.

'मॅडम, बाबाले काही सांगू नका जी. कॅन्सर शब्दच काढू नका. टेन्शनमध्ये जातीन ते.'

पहिल्या वर्षी मी मुलांना शिकवायचे की पेशंटला जाणून घेण्याचा हक्क असतो. बरोबरच आहे. पण दारात उभ्या असलेल्या त्या मुलाशी हक्कावर वाद घातला तर दार लागतं, आणि आत दुखणारा माणूस राहतो. आता मी मुलांना दुसरं शिकवते: 'तुम्हाला कशाची भीती वाटते भाऊ?' हे आधी मुलाला विचारा. तो रडला. बाबांनी जेवण सोडलं तर काय, ही त्याची भीती होती. मग मी त्याला म्हटलं, आम्ही आपणहून काही सांगणार नाही, पण बाबांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्याने मान हलवली.

आत गेलो. मी मुलाशी गोळ्यांबद्दल बोलत होते, माझ्यासोबतची वर्ध्याची मुलगी आजोबांची पाठ पुसत होती. आजोबांनी तिला विचारलं, 'बाई, दिवाळी भेटन का मले?'

तेव्हा ऑगस्ट चालू होता. मी बोलणं थांबवलं, पण मागे वळले नाही. मुलगी पाठ पुसतच राहिली. मग म्हणाली, 'आजोबा, तुम्हाला असं काहून वाटून राहिलं?'

'अंगात काही राह्यलं नाही वं. मायं माले समजते.'

'दिवाळीले काही करायचं आहे का तुम्हाला?'

मग आजोबा बोलले. नातीचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतर. तिच्यासाठी शेवटचं लुगडं मागावर विणायचं होतं, माग अर्धवट लागलेला होता. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. तो आत आला, बाबांच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, 'मी विणतो ना बाबा, तुमी सांगा.' बाप-लेक त्या दिवशी पहिल्यांदा त्याबद्दल बोलले. कॅन्सर हा शब्द शेवटपर्यंत कोणी उच्चारला नाही. आजोबा गणपतीनंतर गेले. लुगडं पूर्ण झालं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही, जायला हवं होतं.

परतताना ऑटोत मी त्या मुलीला विचारलं, हे वाक्य कुठे शिकलीस? वर्गात मी ते सांगितलं होतंच, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देऊन पेशंटच्या मनात काय आहे ते आधी जाणून घ्यायचं. पण ती म्हणाली, 'माझी आजी अशीच विचारायची मॅडम, कोणी काही म्हटलं की.' मला तेव्हापासून वाटतं की आपल्या मुलांना घरून बरंच काही येतं, आणि वर्गात आपण ते विसरायला लावतो.

मरताना काय व्हावं हेही विचारायला शिकवते, आणि हे नागपुरात विचारावंच लागतं. इंदोऱ्याच्या एका घरी भाचा उशाशी बसून त्रिशरण-पंचशील म्हणत होता, आणि मावशी ओठ हलवत होत्या. मोमिनपुऱ्याच्या एका चाचांची खाट त्यांच्या मुलांनी किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, फिरवली, तेव्हा ऑक्सिजनची नळी पुरेना, तर माझ्या विद्यार्थ्याने कॉन्सन्ट्रेटर उचलून दुसऱ्या बाजूला नेला. महालमधल्या एका आजींना गंगाजल आणि तुळशीचं पान हवं होतं. गिळता येत नव्हतं, ठसका लागला असता, म्हणून माझ्या विद्यार्थिनीने बोटाला कापूस गुंडाळून गंगाजलात बुडवला आणि ओठांवरून, जिभेच्या टोकावरून फिरवला. अभ्यासक्रमात या नोंदी कुठे नाहीत. शेवटच्या दिवसांतली मुखशुद्धी मात्र आहे, आणि दोन्ही एकच काम आहे.

शेवटचे तास येतात तेव्हा घशातून घरघर सुरू होते. नातेवाईक घाबरतात, सक्शन करा म्हणतात. सक्शनने पेशंटला त्रासच होतो. कुशीवर वळवायचं, डोकं थोडं उंच, आणि स्राव कमी करणारं इंजेक्शन कातडीखाली बटरफ्लाय सुईने. सलाईन लावा म्हणतात, नाही तर उपाशी मारलं असं होईल. तेव्हा समजावायचं की या वेळी शरीरच पाणी घेत नाही, जास्त दिलं तर ते छातीत साचतं. मुलांना ही दोन बोलणी मी पुन्हा पुन्हा म्हणायला लावते, एक नातेवाईक होतो, एक नर्स. पहिल्यांदा सगळे डॉक्टरांसारखे बोलतात. पाचव्या-सहाव्यांदा घरच्या माणसासारखे बोलायला लागतात.

सगळं जमलं असं नाही. आमच्या कॉलेजात या पोस्टिंगला मिळतात ते दिवस थोडे, आणि लॉगबुकात रकाने आहेत: ड्रेसिंग, सही, ओरल केअर, सही, मृत्यूपश्चात काळजी, सही. एका बॅचला तर रकाने भरायचे म्हणून दोन दिवसांत हॉस्पिस उरकायला सांगितलं गेलं. मी भांडले, चार दिवस मिळाले. मृत शरीर धुतलं की सही मिळते. त्या रात्री होस्टेलवर मुलीला झोप आली का, याचा रकाना नाही. म्हणून मीच एक रीत ठेवली आहे. वॉर्डात कोणी गेलं की दुपारी हॉस्पिसच्या मागच्या कडुलिंबाखाली चहा. कोणी बोललं नाही तरी चालतं. भंडाऱ्याचा मुलगा पहिल्यांदा तिथेच बोलला: त्याचे वडील खर्रा खातात, तोंडात पांढरा डाग आहे, आणि तो तीन महिने कोणाला सांगत नव्हता. पुढच्या सोमवारी आम्ही त्यांना मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, नेलं. बायोप्सीत कॅन्सर नव्हता. मुलाने स्वतःची पुडी सोडली असं तो सांगतो, मी दर भेटीत विचारते.

चार नंबरचे काका डिसेंबरमध्ये घरी गेले, शेवटचे दिवस गावी काढायचे म्हणून. गडचिरोलीच्या मुलीने त्यांच्या बायकोला भुकटी कुटायला, ड्रेसिंग भिजवायला, उकळून वाळवलेल्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे गॉज म्हणून वापरायला शिकवलं. तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मॉर्फीनच्या गोळ्या मोजून दिल्या आणि उरल्या तर परत आणायला सांगितलं.

फेब्रुवारीत एका दुपारी काकू आल्या. रात्रीच्या एसटीने निघाल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत पाटी आणि रुमालात बांधलेल्या गोळ्या. मुलीची तेव्हा दुसऱ्या वॉर्डात ड्युटी होती, मी तिला बोलावून घेतलं. काकूंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. काकूंनी आधी रुमाल सोडला.

'मोजून घे वं बाई. अकरा हायेत.'

मुलीने टेबलावर कागद पसरला आणि एक एक गोळी बाजूला करत मोठ्याने मोजायला लागली. काकूंनी शेजारून बोट ठेवलं.